ऑटोइट (विंडोजवर क्लिक आणि टायपिंग आपोआप करून देणारी भाषा) स्क्रिप्टमध्ये प्रोग्रेस बार कसा दाखवायचा? पायथॉनमध्ये जमेल का? बार आला की क्लिक चुकतात, आणि मित्र म्हणतो बारची गरजच नाही.

गरज नाही म्हणणारा मित्र पुण्याचा आहे का हो? सहज विचारलं. आमच्या नात्यातही असा एक नग आहे, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

आधी क्लिक का चुकतात ते बघू. प्रोग्रेसऑन ही ऑटोइटची बार उघडणारी कमांड, तिला जागा सांगितली नाही तर बारची खिडकी स्क्रीनच्या बरोबर मध्यात उघडते आणि सगळ्यांच्या वर बसते. तुमच्या सॉफ्टवेअरचं सेव्ह बटण तिच्याखाली दबलं की माऊसक्लिक खिडकीवर आपटणारच. शीर्षक, मोठी ओळ आणि छोटी ओळ यांच्यानंतर एक्स आणि वायचे आकडे द्या आणि खिडकी डावीकडे खाली, टास्कबारच्या जरा वर ठेवा. उजवीकडे वर नको, तिथं मोठ्या केलेल्या विंडोची फुली असते. शेवटच्या पर्यायात १६ दिलं तर खिडकी माऊसनं हलवता येते. पण आपल्याला माऊसला हातच लावू द्यायचा नाहीये, त्यामुळे देऊ नका. कंट्रोलक्लिक आणि कंट्रोलसेंड माऊस न हलवता थेट त्या बटणाला किंवा रकान्याला क्लिक आणि अक्षरं पाठवतात; ते चालत असतील तर तेच वापरा, मग वर काय आहे याचा प्रश्नच मिटतो. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते बऱ्याचदा चालत नाहीत. तिथं प्रत्येक नोंदीआधी विनअ‍ॅक्टिव्हेटनं विंडो पुढं आणा आणि ती खरंच पुढं आली का ते विनवेटअ‍ॅक्टिव्हनं तपासूनच टायपिंग सुरू करा.

आता बारची गरज आहे का, त्याचं.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. ऑर्डरी एक्सेलमध्ये येतात, बिलिंगचं सॉफ्टवेअर मात्र जुनं, त्यात इम्पोर्टची सोयच नाही. दिवाणजी रोज संध्याकाळी एकेक ओळ हातानं टाकायचे. दिवाळीला आमचे साडू आले होते, हिंजवडीत नोकरीला असतात. त्यांनी हे पाहिलं आणि लॅपटॉप उघडून पायथॉनमध्ये, पायऑटोगुई (माऊस-कीबोर्ड आपोआप चालवणारी लायब्ररी) घेऊन स्क्रिप्ट लिहून दिली. चांगली लिहिली, ते नाकारत नाही. मी एवढंच विचारलं की कुठवर आलंय हे दिवाणजींना कळणार कसं? तर म्हणाले, "साडूभाऊ, बार म्हणजे नुसता दिखावा. काय काय झालं त्याची लॉग फाइल लिहितेय की ती." दुसऱ्या दिवशी हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेले पण.

लॉग फाइल! दिवाणजी माझ्या जन्माआधीपासून वह्या लिहितायत, कुठल्या पार्टीचं किती येणं आहे ते तोंडपाठ सांगतात. लॉग फाइल कुठल्या फोल्डरमध्ये असते याच्याशी त्यांना काय देणंघेणं? आणि स्क्रिप्ट चालू असताना ती उघडली, तर पुढचं सगळं टायपिंग त्या फाइलमध्येच जाणार.

व्हायचं तेच झालं. एका मोठ्या बिलाला सेव्ह होताना वेळ लागला, स्क्रीन थोडा वेळ जागची हलेना. दिवाणजींना वाटलं अडकलं. त्यांनी माऊस हलवून एक क्लिक केला, कुणीही केला असता. त्या क्लिकनं दुसरंच बिल उघडलं आणि हुबळीच्या पार्टीचा अर्धा माल नांदेडच्या पार्टीच्या नावावर चढला. टेम्पो भरून गेटवर उभा, मालवाहतुकीचं ई-वे बिल करायला घेतलं तेव्हा आकडे जुळेनात, मग सगळं उघडकीला आलं. रात्री उशिरापर्यंत मी आणि दिवाणजी एकेक बिल जुळवत बसलो होतो. साडूंना फोन केला तर पलीकडून दोनच शब्द आले, "युजर एरर." ते शब्द दिवाणजींनी ऐकले, कारण फोन स्पीकरवर होता.

मी ती स्क्रिप्ट ऑटोइटमध्ये नव्यानं लिहिली. कोपऱ्यात बार, वर मोठ्या अक्षरात "माऊसला हात लावू नका. थांबवायचं असेल तर एस्केप दाबा". हॉटकीसेट या कमांडनं एस्केप बांधलेलं आहे आणि ते चालू बिल पूर्ण करून मगच थांबतं. खालच्या छोट्या ओळीत बिल नंबर, पार्टीचं नाव आणि कितवी ओळ चालू आहे ते. माझं मत विचाराल तर सरकत्या पट्टीपेक्षा ही ओळ महत्त्वाची. पट्टी एक वेळ काढली तरी चालेल, ओळ काढू नका. पार्टीचं नाव बदलताना दिसलं की दिवाणजी निवांत चहा घेतात.

टक्के कशावर मोजायचे हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बिलांवर मोजू नका. एखाद्या बिलात दोनच ओळी असतात. एखाद्या हॉटेलवाल्याच्या बिलात मापं, रंग, वजनं मिळून पन्नास. बिलांवर मोजलं की छोट्या बिलांना बार पळतो आणि मोठ्या बिलाला जागीच बसतो, म्हणजे हात परत माऊसकडे. एक्सेलच्या ओळी मोजा. सेव्ह करायला लागणारा वेळ पाचसहा ओळींइतका धरून तोही बेरजेत घ्या. आणि शंभरचा आकडा शेवटचं बिल खरंच सेव्ह झाल्याची खात्री पटल्यावरच दाखवा. प्रोग्रेससेटमध्ये १०० टाकून "झालं" लिहायचं, दोनतीन सेकंद थांबायचं आणि मग प्रोग्रेसऑफ, नाहीतर खिडकी गायब झाली म्हणजे काम संपलं की स्क्रिप्ट पडली हे कळत नाही.

खोटे बार लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. नव्वदपर्यंत टायमरवर सरकायचं आणि तिथं ठाण मांडायचं. त्यापेक्षा नसलेला बरा. मागावर काउंटर असतो, तो विणलेले पिक, म्हणजे आडवे धागे, मोजतो, आणि कामगाराची मजुरीसुद्धा त्याच्यावर ठरू शकते. त्याला सोलापुरात कुणी दिखावा म्हणून दाखवावं.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. ब्रॅड मायर्स यांनी १९८५ सालीच टक्केवारी दाखवणाऱ्या बारवर शोधनिबंध लिहिला होता आणि लोकांना असे बार हवे असतात असं त्यात प्रयोगानिशी दाखवलं होतं. मी त्याची लिंक घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. साडूंनी अंगठा दाखवला. बायको म्हणाली, हा ग्रुप बारशाच्या आमंत्रणांसाठी आहे.

पायथॉनचं तुम्ही ओझरतं विचारलंय, तेवढंच सांगतो. टीक्यूडीएम ही बार दाखवणारी लायब्ररी कमांडच्या काळ्या खिडकीत छान दिसते, पण ती खिडकी बिलिंगच्या मागे झाकली जाते. टीकेइंटर या खिडक्या बनवायच्या लायब्ररीत प्रोग्रेसबार आहे, मात्र बटणाच्या फंक्शनमध्येच सगळा लूप चालवला तर बार हलतच नाही आणि पाचेक सेकंदांत विंडोज त्याला "नॉट रिस्पॉन्डिंग" ठरवतं. काम वेगळ्या थ्रेडमध्ये (बाजूला चालणाऱ्या धाग्यात), आकडे क्यूमध्ये (रांगेत) आणि बार टीकेइंटरच्या आफ्टर या फंक्शननं थोड्या थोड्या वेळानं सरकवायचा, ही वाट. पायऑटोगुई प्रत्येक कृतीनंतर ०.१ सेकंद थांबतं, वेळेचा अंदाज बांधताना तेही धरा. ऑटोहॉटकी या ऑटोइटसारख्याच भाषेत जुन्या आवृत्तीतली प्रोग्रेस कमांड दुसऱ्या आवृत्तीत काढून टाकलीये, तिथं स्वतःची गुई (खिडकी) करून त्यात बार टाकावा लागतो.

तशी गुई ऑटोइटमध्येही करता येते. तेव्हा ती गुईसेटस्टेटमध्ये एसडब्ल्यू शोनोअ‍ॅक्टिव्हेट देऊन उघडा, नाहीतर बारच फोकस पळवेल, म्हणजे टायपिंग बारच्या खिडकीकडे जाईल. ब्लॉकइनपुटनं माऊस आणि कीबोर्ड दोन्ही बंद करता येतात, त्याला अ‍ॅडमिन अधिकार लागतात. मी वापरत नाही. दिवाणजींच्या टेबलावर त्यांचाच माऊस मारून टाकणं मला पटत नाही, तुम्हाला पटलं तर वापरा.

एक राहिलं, खरं तर हे आधी विचारायला हवं होतं. तुमच्या सॉफ्टवेअरला एक्सेल किंवा एक्सएमएलमधून इम्पोर्ट करायची सोय आहे का ते नीट बघून घ्या. असेल तर वरचं सगळं सोडून द्या, क्लिक मारत बसायची गरजच नाही. साडूसुद्धा हेच म्हणाले असते, आणि एवढ्यापुरतं त्यांचं ऐका.