साखर कारखान्यात देखभालीचे सॉफ्टवेअर: नेमका फायदा कोठे होतो?

साखर कारखान्यात देखभालीच्या नोंदी रजिस्टरमध्ये व्यवस्थित ठेवल्या जात असताना सॉफ्टवेअरवर खर्च का करावा, असे आपण विचारले आहे. मी बराच काळ मिल हाऊसच्या (ऊस पिळण्याच्या विभागाच्या) देखभालीचे काम पाहिले आहे. माझ्या मते या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा फायदा हंगाम संपल्यावर होतो, जेव्हा कोणते यंत्र उघडायचे आणि कोणते तसेच ठेवायचे हे ठरवावे लागते.

गाळप किती तास बंद राहिले आणि का, हे आपण आजही रोज लिहितो: ऊस नाही, यांत्रिक बिघाड, विद्युत बिघाड, साफसफाई. परंतु ही नोंद संपूर्ण कारखान्याची असते. मागील तीन हंगामांत दुसऱ्या मिलच्या इंटरकॅरिअरची (एका मिलमधून पिळलेला ऊस पुढच्या मिलकडे नेणाऱ्या वाहकाची) साखळी किती वेळा तुटली आणि प्रत्येक वेळी काय बदलले, हे शोधायचे तर जुनी रजिस्टरे चाळावी लागतात आणि ऑफ सीझनच्या घाईत तेवढी सवड कोणालाच नसते. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वर्क ऑर्डर, म्हणजे दुरुस्तीच्या प्रत्येक कामाची नोंद, त्या-त्या यंत्राच्या क्रमांकाला जोडलेली असल्यामुळे हा इतिहास काही क्षणांत समोर येतो, ओव्हरहॉलिंगची यादी त्याच्या आधारे करता येते आणि जाणकार फिटर निवृत्त झाला तरी त्याने केलेल्या कामाची माहिती कारखान्यात राहते.

दुसरा मुद्दा चालू तासांचा आहे आणि आपल्या उद्योगात तो विशेष महत्त्वाचा आहे. दीडशे दिवसांच्या हंगामात अहोरात्र चालणारा रसाचा पंप सुमारे 3,600 तास चालतो, तर त्याच्या शेजारचा राखीव पंप त्याच्या दहाव्या हिस्स्याइतकाही चालत नाही. केवळ दिनदर्शिका पाहून दोन्ही पंपांची बेअरिंगे एकाच वेळी बदलणे हा निव्वळ अपव्यय आहे. उलट, बंद यंत्रातील ग्रीस आणि रबरी सील काळानुसार खराब होतातच, म्हणून तासांचे आणि तारखेचे, असे दोन्ही निकष एकाच यंत्राला लावता आले पाहिजेत. वहीत हे सांभाळणे फार अवघड जाते.

स्टोअरलाही याचा उपयोग होतो. 22220 क्रमांकाचे एकच बेअरिंग दोन यंत्रांच्या नावाने दोन वेगवेगळ्या कोडखाली पडून राहण्याचा प्रकार सुटे भाग यंत्रांशी जोडले की लगेच लक्षात येतो. क्रेन, साखळ्या आणि दोर यांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी करण्याची अट 1948 च्या कारखाने अधिनियमापासून चालत आलेली आहे. अशा मुदतींची आठवणही आपोआप मिळते.

मात्र पाळीवरच्या फिटरला नोंद करणे सोपे वाटले नाही, तर यातील काहीही साधणार नाही. मोबाइलवर, मराठीत आणि दोन-तीन मिनिटांत काम नोंदवता येते का, हे विक्रेत्याच्या सादरीकरणात न पाहता आपल्याच माणसाच्या हाती फोन देऊन पाहावे. संपूर्ण कारखाना एकदम त्यावर आणू नये. ज्यांच्या बिघाडाने गाळप थांबते आणि तोडलेला ऊस गव्हाणीबाहेर वाळत पडतो, अशा केन कटर, फायब्रायझर (उसाचे बारीक तंतू करणारे यंत्र), मिल आणि बॉयलरचे फीड पंप यांपासून सुरुवात करावी. सर्व नोंदी आपल्याला हव्या तेव्हा एक्सेलमध्ये काढून घेता येतील, ही अट करारात लेखी घालून घ्यावी.