एंटर दाबायच्या आधी

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. तुझ्या टेबलावर डेटाबेसची दोन पुस्तकं आहेत. एक जाडजूड, अभ्यासक्रमाला लावलेलं, रिलेशनल अल्जिब्रा (टेबलं निवडण्या-जोडण्याचं गणित) आणि नॉर्मल फॉर्मनी (तीच माहिती पुन्हा पुन्हा न साठवता टेबलांत वाटायचे नियम) भरलेलं. दुसरं पातळ, झटपट शिकवणारं. पहिल्याला सीनियर मुलं जुनाट म्हणतात, दुसऱ्याला तुमचे सर उथळ म्हणतात, आणि ऑनलाइन अभिप्राय वाचावेत तर दोन्हींना कोणी पाच तारे दिलेत, कोणी एकच. तू विचारतेस, मावशी, यातलं उपयोगी कुठलं?

अगं, हे तारे देणाऱ्यांनी पुस्तक वाचून केलं काय, ते कुणी लिहिलंय का? तेवढंच तर बघायचं असतं. प्रकरण वाच, पुस्तक मिटून ठेव, त्या विषयावरची एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, स्वतःच्या मनाने लिही आणि ती चालवायच्या आधी तिचं उत्तर कागदावर लिही. किती ओळी येतील, कुठल्या येतील, बेरीज किती होईल. मग एंटर दाब. प्रकरण वाचल्यामुळे कागद आणि पडदा जुळायला लागले, तर ते प्रकरण तुझ्या उपयोगाचं. पुस्तक जोखायची याहून चांगली रीत मला आजवर सापडलेली नाही.

नलपासून, म्हणजे माहितीच नसलेल्या रिकाम्या जागेपासून, सुरुवात कर. मी कुठलंही नवीन पुस्तक हातात घेतलं की आधी मागची सूची उघडून नल कुठल्या पानांवर आहे ते बघते. दोन ओळींत उरकलेलं असेल तर माझा उत्साह तिथेच मावळतो. एक पतसंस्था धर. सभासदांचं एक टेबल, कर्जांचं दुसरं. कर्ज न घेतलेल्या सभासदांची यादी हवी आहे. तू लिहिणार, ज्यांचा सभासद क्रमांक कर्जाच्या टेबलात 'नॉट इन', म्हणजे त्या यादीत नाही, ते. आता कर्जाच्या टेबलात एकच अशी ओळ घाल, जिच्यात सभासद क्रमांक नल आहे. कागदावर उत्तर लिही. मग चालव.

एकही ओळ येणार नाही. संस्थेत हजार सभासद असले तरी नाही. नलशी केलेल्या तुलनेचं उत्तर खरं नसतं आणि खोटंही नसतं, ते 'अज्ञात' असतं, आणि 'व्हेअर', म्हणजे क्वेरीतली अट, फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी पुढे सोडतं. 'नॉट एक्झिस्ट्स', म्हणजे 'जुळणारी ओळच नाही ना' ही तपासणी, वापरलीस तर यादी नीट येते. तुझ्या दोन पुस्तकांपैकी ज्यानं तुला हे शून्य आधी कागदावर लिहायला लावलं, ते ठेव. दोघांनीही लावलं नसेल तर नलसाठी तिसरं शोध. आणि एक पुस्तक सगळ्यासाठी पुरेल ही आशा तेवढी सोड.

दुसरी कसोटी मला जास्त प्रिय आहे, कारण पैशाची चूक इथेच होते. एका कर्जाचे १२ हप्ते भरले गेलेत, प्रत्येकी ५,००० रुपये. त्याच कर्जाला दोन जामीनदार आहेत. कर्ज, हप्ते आणि जामीनदार अशी तीन टेबलं जोडून भरलेल्या रकमेची बेरीज कर. भरले ६०,०००. क्वेरी सांगेल १,२०,०००, कारण प्रत्येक हप्ता प्रत्येक जामीनदारासमोर एकदा येतो आणि १२ च्या २४ ओळी होतात. यावर कित्येक ठिकाणी उपाय सांगतात, डिस्टिंक्ट लावा, म्हणजे सारखं मूल्य एकदाच धरलं जाईल. बेरजेत डिस्टिंक्ट लावून बघ. पण आधी कागद! ५,००० येतात, कारण सगळे हप्ते सारख्याच रकमेचे आहेत. साठ हजाराचे आधी दुप्पट झाले आणि मग बाराव्या हिश्शावर आले, आणि दोन्ही वेळा डेटाबेसने चूक झाल्याचं चकार शब्दाने सांगितलं नाही. हप्त्यांची बेरीज कर्जागणिक आधी करून घ्यायची आणि मग जोडायचं, हे जे पुस्तक कारणासकट सांगतं, त्याच्या लेखकाने कुणाचे तरी हिशोब जुळवलेले असतात. मला ते पानावर जाणवतं.

आता 'जुनाट' या शब्दाबद्दल. तुझ्या सीनियरांचा मला राग आलाय, तो थोडा तुझ्यावर निघतोय, सहन कर. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांचा रिलेशनल मॉडेलवरचा (माहिती टेबलांत मांडायच्या पद्धतीवरचा) निबंध १९७० सालचा, जेमतेम अकरा पानांचा. माहिती यंत्रात कशी रचली आहे हे तिचा वापर करणाऱ्याला माहीत असण्याची गरज पडू नये, या मागणीनेच तो सुरू होतो. तू आज जी क्वेरी लिहितेस ती त्याच मागणीवर उभी आहे. फंक्शनल डिपेंडन्सी (एका रकान्यावरून दुसरा ठरणं), थर्ड नॉर्मल फॉर्म, बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्म हे सगळं १९७०च्या दशकातलं. त्यातलं शिळं काय झालं, दाखव मला. जामीनदाराचा पत्ता कर्जाच्या ओळीत ठेवलास की तो बदलताना चार ठिकाणी बदलावा लागतो आणि एक ठिकाण राहून जातं. हे तेव्हाही होत होतं, आजही होतं.

शिळी होतात ती विशिष्ट उत्पादनाबद्दलची पानं. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तू चेकची अट (रकान्यात काय चालेल याची) लिहायचीस, ती मुकाट्याने स्वीकारली जायची आणि पाळली मात्र जायची नाही. ८.०.१६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, ती खरोखर पाळली जाते. विंडो फंक्शन (आसपासच्या ओळी धरून हिशोब करणारी) त्याला ८.० मध्ये मिळाली, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसकडे ती २००९ पासून होती. पोस्टग्रेसमध्ये 'विथ'ने लिहिलेला भाग, म्हणजे क्वेरीच्या आत नाव देऊन ठेवलेली छोटी क्वेरी, वेगळाच काढला जायचा, १२व्या आवृत्तीपासून तो बहुतेक साध्या ठिकाणी मुख्य क्वेरीत विरघळवला जातो. म्हणजे एकाच पुस्तकात पन्नास वर्षं टिकणारी आणि पाच वर्षांत विटणारी पानं शेजारीशेजारी असतात. छपाईचं साल बघून ती वेगळी करता येत नाहीत. आधी कागदावर, मग डेटाबेसवर, एवढ्यानेच ती वेगळी होतात.

आयसोलेशनच्या, म्हणजे एकाच वेळी चाललेली कामं एकमेकांपासून वेगळी ठेवण्याच्या, प्रकरणाला तर ही कसोटी लावच, कारण तिथे चांगली चांगली पुस्तकंही चार ओळींचा तक्ता छापून मोकळी होतात. डेटाबेसच्या दोन खिडक्या उघड. दोन्हीत रिपीटेबल रीड ही आयसोलेशनची पातळी लाव, दोन्हीत ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का होणारा कामांचा गट) सुरू करून एकाच खात्याची शिल्लक वाच. १०,००० दिसतील. एकीत त्यातून ८,००० वजा करून आलेला आकडा लिही आणि कमिट, म्हणजे पक्का, कर. दुसरीत ३,००० वजा करून ७,००० लिहायला जा. पोस्टग्रेस दुसरीला त्रुटी देऊन अडवतं. मायएसक्यूएलचं इनोडीबी (त्याची माहिती साठवणारी यंत्रणा) अडवत नाही, ७,००० लिहून टाकतं, आणि आठ हजार काढल्याची खात्यात खूणही उरत नाही. पातळीचं नाव दोन्हीकडे तेच. एसक्यूएलच्या, म्हणजे क्वेरीच्या भाषेच्या, प्रमाण नियमावलीतल्या या पातळ्यांच्या व्याख्या अपुऱ्या आहेत हे डेटाबेस-संशोधक जिम ग्रे आणि इतरांनी १९९५ मध्येच लिहून दाखवलं होतं. तुझं पुस्तक कुठल्या डेटाबेसबद्दल बोलतंय हे त्या प्रकरणात सांगतच नसेल, तर तू कागदावर लिहिणार तरी काय?

इंडेक्सच्या, म्हणजे ओळ पटकन सापडावी म्हणून ठेवलेल्या सूचीच्या, प्रकरणाबद्दल थोडक्यात. दहा ओळींच्या नमुना टेबलावर इंडेक्स शिकवणाऱ्या पुस्तकावर वेळ घालवू नकोस. एवढ्या लहान टेबलात पोस्टग्रेस इंडेक्सकडे बघतही नाही, सगळं टेबल वाचणंच त्याला स्वस्त पडतं. जनरेट सिरीज (आकड्यांच्या ओळी तयार करणारं फंक्शन) वापरून दहा लाख ओळी भर, अॅनलाइझ चालव, म्हणजे डेटाबेसला टेबलाचा अंदाज येईल, मग एक्सप्लेन, म्हणजे क्वेरी कशी चालवणार त्याचा आराखडा, बघ. आधी लिहून ठेव, इंडेक्स वापरला जाईल की नाही.

आणि एक गोष्ट बाहेरच्या पुस्तकांत सहसा मिळत नाही, ती तूच करून बघ. 'ज्ञानेश्वर' हे नाव टेबलात घाल आणि लांबी विचार. आपल्या डोळ्यांना अक्षरं चार दिसतात. पोस्टग्रेस १० सांगतं, कारण ते युनिकोडची चिन्हं (काना, मात्रा, हलन्त हेही वेगळे धरून) मोजतं, आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत बाइट होतात ३०. ओरॅकल या डेटाबेसमध्ये व्हारकॅरची (मजकुराच्या रकान्याची) लांबी मूळ सेटिंगप्रमाणे बाइटमध्ये मोजली जाते, म्हणजे २०च्या रकान्यात हे नाव मावत नाही. मराठी नावं साठवणाऱ्या माणसाला हे पहिल्या दिवशी कळायला हवं.

तू म्हणशील, इतका वेळ कुणाला आहे, कॅम्पस मुलाखती जवळ आल्यात. हेच मी नोकरीत असताना रोज ऐकलं. माझ्या हाताखालच्या मुलांना मी अहवालाची क्वेरी चालवायच्या आधी अपेक्षित ओळींचा आकडा लिहून मागायची. एक अतिशय हुशार मुलगा त्यावरून चिडला, मी शाळेत बसायला आलेलो नाही म्हणाला आणि काही महिन्यांनी दुसरीकडे गेला. तो गेला याचं मला अजून वाईट वाटतं. त्याच्यासारखी क्वेरी पुन्हा कुणी लिहिली नाही. पण कागद मागणं मी सोडलं नाही, आणि त्याबद्दल मला आडमुठी म्हणणाऱ्यांना माझं आजही तेच सांगणं आहे: ज्याला बेरीज किती यायला हवी याचा अंदाज नाही, त्याला १,२०,००० बघून धक्का बसत नाही. तो आकडा अहवालात जातो, अहवाल संचालकांसमोर जातो, आणि मग कोणाचं तरी कर्ज फिटल्यासारखं दिसतं. वेळ वाचवला म्हणतात तो हा वेळ. मी वाद घालत बसले, लिहिता लिहिता पुन्हा घालतेय, पण या एका बाबतीत माघार घ्यायचं मला कारण दिसलेलं नाही.

तेव्हा कुठलं पुस्तक, हे मी सांगणार नाही. दोन्ही ठेव. पोस्टग्रेस उतरवून घे, फुकट आहे, आणि त्याची स्वतःची कागदपत्रं बऱ्याच विकतच्या पुस्तकांपेक्षा सरस आहेत. नल, तीन टेबलांची बेरीज आणि आयसोलेशन, ही तीन प्रकरणं दोन्ही पुस्तकांतून वाच. प्रत्येक वाचनानंतर कागद लिही, कागदावर पुस्तकाचं नाव घाल आणि चुकलेली उत्तरं खोडू नकोस, तशीच ठेव. मला फोटो काढून पाठव. 'नॉट इन'चा आधी पाठव, तो मला बघायचाय. कुठल्या पुस्तकानंतर काय चुकलं ते समोर ठेवून आपण रविवारी फोनवर बोलू. आणि आईला सांग, लोणचं पोचलं.

तुझी
मावशी