वर्गात ‘माले’ निघालं तोंडून

ताईंचं पत्र थोडक्यात असं: मुलाच्या शिक्षणासाठी जूनमध्ये अमळनेरजवळच्या खेड्यातून जळगावला आलो. पोरगा आठवीत. पहिल्याच आठवड्यात वर्गात घरच्या अहिराणी बोलीत “सर, माले (मला) येत नही” म्हणाला आणि वर्ग हसला. तेव्हापासून त्याचं नावच ‘माले’ पडलं. दप्तर लपवतात, ग्रुपवर त्याच्या फोटोचे स्टिकर फिरवतात. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, डॉक्टर म्हणतात काही नाही. आजीचा फोन आला की उठून बाहेर जातो. मिस्टर म्हणतात, दोन ठेवून दे. शाळा बदलू का?

ताई,

आधी पोटाचं बोलते. ते खरंच दुखतं, नाटक नाही. भीतीनं पोटात कळ येते, झोप उडते, जेवण जात नाही. रविवारी संध्याकाळी सुरू होऊन सुट्टीत गायब होत असेल, तर डॉक्टरांच्या ‘काही नाही’वर थांबू नका.

‘चिडवाचिडवी आमच्याही वेळी होती’ असं मिस्टर म्हणत असतील. होतीच. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पुढे अनेक वर्षं अभ्यास झाला. ७ आणि ११ व्या वर्षी वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये पंचेचाळिशीतही नैराश्य जास्त आढळलं. प्रत्येकाचं तसं होत नाही, घाबरू नका. पण ‘होईल मोठा, विसरेल’ हे काही खरं नाही.

आणि दोन ठेवून देणं? पाच-सहा पोरांपुढे एकटा पोरगा काय ठेवणार! नाही जमलं तर बापाच्या लेखीही तो भित्रा ठरला, मग घरी सांगणंही बंद.

मला खरी टोचली ती आजीच्या फोनची ओळ. मी धुळ्याची. पुण्याला शिकायला गेले तेव्हा माझ्या तोंडी शाळेचं ‘शाया’ व्हायचं. होस्टेलच्या मुली मुद्दाम मला ‘केळी’ म्हणायला लावायच्या. वर्षभर मेसमध्ये मी केळं मागितलं नाही. खानदेशची पोरगी, बघा! आईचं पत्र आलं तरी पांघरुणात वाचायचे. तुमचा मुलगाही आता पोरांपासून नाही, आजीपासून पळतोय. ज्या जळगावात विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव दिलं, तिथंच पोरं त्यांची कविता मार्कांसाठी पाठ करतात आणि शेजारच्या बाकावरच्याला बोलीवरून हसतात.

त्याला समोर बसवून उलटतपासणी घेऊ नका. गाडीवर मागे बसलेला असताना, शेंगा सोलताना विषय निघू द्या. “तू काय केलं होतंस?” हे तर विचारूच नका. कोण, कधी, काय, ते तारखेसह वहीत लिहा. स्टिकरचे स्क्रीनशॉट ठेवा, ग्रुपवर उत्तर देऊ नका. गेटवर त्या पोरांना गाठून दम देण्याचा मोह होईल, तोही आवरा. दुसऱ्या दिवशी वर्गात ते त्यालाच भोवतं. आधी वर्गशिक्षकांना भेटा, मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असणाऱ्या सखी-सावित्री समितीचंही विचारा. टाळाटाळ झाली तर सांगा, रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे. तो फक्त कॉलेजांपुरता नाही आणि लेखी तक्रारीवर संस्थाप्रमुखानं ७ दिवसांत चौकशी करायची असते.

शाळा लगेच बदलू नका. मारहाण होत असेल किंवा अर्जानंतरही शाळा ढिम्म राहिली, तर मात्र खुशाल बदला, त्यात हार नाही. मध्येच कधी तो ‘मला जगायचंच नाही’ असं काही बोलला, तर त्याला एकटं सोडू नका. त्याच क्षणी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर किंवा मुलांसाठीच्या चाइल्डलाइनच्या १०९८ वर फोन करा.

आजींशी तुम्ही घरात, त्याला ऐकू येईल अशा बेतानं अहिराणीतच बोला. त्याच्या हातात फोन कोंबू नका. आणि मुख्याध्यापक काय म्हणाले ते मला कळवा.