जुन्या कडप्प्याच्या ओट्यात नवे सिंक कोणते घ्यावे आणि ते कसे बसवून घ्यावे?

आपण विचारले आहे की, तीस वर्षांच्या जुन्या सदनिकेत कडप्प्याच्या ओट्यातले स्टीलचे सिंक खालून गळू लागले आहे, तर त्या जागी स्टीलचे घ्यावे की क्वार्ट्झचे, एका कप्प्याचे की दोन कप्प्यांचे, आणि ओटा न फोडता ते बसवता येईल का. मी व्यवसायाने प्लंबर नाही. मात्र आमच्या आणि आईच्या घरी मिळून तीन वेळा सिंक बदलून घेतले आहे, पहिल्या वेळी त्यात सपशेल चुकलो आहे, आणि रात्रीची भांडी घासण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे असल्यामुळे त्या चुकीची फळेही मीच भोगली आहेत.

दुकानात जाण्याआधी विजेरी घेऊन ओट्याखाली वाकावे आणि सिंकचे सांडपाणी भिंतीतल्या ज्या पाइपात जाते, त्याचे तोंड जमिनीपासून किती उंचीवर आहे ते टेपने मोजून लिहून ठेवावे. हे माप मला दुकानदाराने विचारले नाही आणि प्लंबरनेही विचारले नाही. आमचा ओटा 32 इंच उंच होता. जुने सिंक जेमतेम 7 इंच खोल होते, आणि पाणी अंगावर उडते म्हणून मी हौसेने 10 इंच खोलीचे आणले. त्यामुळे सिंकचा तळ जमिनीपासून 22 इंचांवर आला, त्याखाली कपलिंग (सिंकच्या भोकात बसणारी जाळीची जोडणी) आणि ट्रॅप (वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणारा पाइपचा बाक) यांनी आणखी पाच इंच घेतले, म्हणजे पाणी बाहेर पडण्याची जागा 17 इंचांवर आली. आणि भिंतीतले तोंड होते 19 इंचांवर. पाणी निघून जायचे, पण रेंगाळत, आणि पाइपच्या पोटात उष्टे, तेलकट पाणी कायम साचून राहायचे. दर पंधरा दिवसांनी सिंक तुंबू लागले, तेव्हा कुठे हे गणित माझ्या लक्षात आले. शेवटी भिंत फोडून तोंड खाली घ्यावे लागले, आणि त्यासाठी आलेला खर्च सिंकच्या किमतीहून जास्त होता. आडव्या पाइपला फुटामागे निदान पाव इंच उतार मिळायला हवा, हे धरून आपल्याला किती खोल सिंक चालेल ते घरीच काढता येते. बहुतेक जुन्या ओट्यांना 8 किंवा 9 इंचांची खोली पुरते. शिवाय त्याहून खोल सिंकच्या तळाशी पडलेला चमचा काढताना उंच माणसाची कंबर दररोज वाकते, हा हिशेबही सोडू नये.

दुसरे माप ओट्याला पाडलेल्या भोकाचे. जुन्या ओट्यांत सिंकच्या दोन्ही बाजूंना कडप्प्याचे उभे आधार असतात, त्यामुळे वरचे भोक ग्राइंडरने मोठे करता आले तरी खालच्या दोन आधारांमधले अंतर वाढत नाही. सिंकचा कप्पा त्या अंतरात उतरतो का, हे आधी पाहावे. ओटा साधारण 24 इंच रुंद असतो. त्यात 18 इंच रुंदीचे सिंक घेतले तर मागे नळासाठी आणि पुढे धारेसाठी प्रत्येकी तीन इंच उरतात. पुढची पट्टी याहून फार अरुंद केली तर जड कुकर त्यावर टेकवताच ती तडकण्याची भीती असते. भोक वाढवायचेच असेल तर कोपऱ्यांवर आधी ड्रिलने गोल छिद्रे पाडून मग सरळ कापायला सांगावे, कारण काटकोनात कापलेल्या कोपऱ्यातूनच भेग निघते. भोकापेक्षा सिंक लहान आणणे मात्र पूर्ण टाळावे, कारण काठाची पट्टी पाऊण-एक इंचापेक्षा जास्त झाकत नाही.

आता कप्प्यांविषयी. खोक्यावर 24 बाय 18 असे लिहिलेले माप बहुधा बाहेरच्या काठाचे असते. आतली जागा लांबीला आणि रुंदीला दोन-तीन इंचांनी कमी भरते. म्हणून दुकानात जाताना घरातली सर्वांत मोठी परात पिशवीत घालून न्यावी. हे वाचायला हास्यास्पद वाटेल, आणि दुकानातल्या पोऱ्याने माझ्याकडे पाहून तोंड फिरवून हसूनही घेतले. पण परात सिंकमध्ये आडवी बसवून ती फिरवता येते का, हे पाहिल्यावर दोन कप्प्यांचे सिंक घेण्याचा विचार मी जागच्या जागी सोडला. आपल्याकडची भांडी म्हणजे ताटे, कढया, कुकर आणि पातेली. ती वाहत्या पाण्याखाली फिरवत घासली जातात, एका कप्प्यात साबणाचे पाणी भरून आणि दुसऱ्यात विसळून नव्हे. जागा भरपूर असेल आणि एक कप्पा भाज्या धुण्यासाठी वेगळा ठेवायचा असेल, तरच दोन कप्पे घ्यावेत. आपल्या ओट्याच्या मापात मात्र दोन लहान कप्प्यांपेक्षा एक मोठा कप्पा निश्चितच बरा.

स्टील घ्यायचे तर 304 ग्रेडचे घ्यावे. त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. स्वस्त सिंक बहुधा 202 ग्रेडचे असते, ज्यात निकेलचा बराचसा भाग मँगनीजने भरून काढलेला असतो आणि जे खाऱ्या, दमट हवेत लवकर डागाळते. दुकानदार चुंबक लावून दाखवतात आणि तो चिकटला नाही म्हणजे माल अस्सल, असे सांगतात. ही परीक्षा अर्धवट आहे, कारण 202 ग्रेडच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. म्हणून ग्रेड पत्र्यावर कोरलेला आहे का ते पाहावे आणि बिलावर तो लिहून घ्यावा. पत्र्याची जाडी 1 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असावी. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, त्यामुळे 22 पेक्षा 18 गेज दणकट. तळाला खालून रबराची पट्टी किंवा जाड लेप असेल तर भांडी आपटल्याचा आवाज कमी होतो आणि थंड पाण्याने खालच्या बाजूला सुटणारा घामही आवरतो.

क्वार्ट्झचे सिंक दिसायला देखणे असते, यात वाद नाही. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीची भुकटी रेझिनमध्ये (प्लास्टिकसारख्या चिकट राळेत) घट्ट बसवून ते बनवलेले असते. त्यावर ओरखडे सहजी उठत नाहीत आणि भांड्यांचा खणखणाट होत नाही. पण बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे थर काळ्या सिंकवर फार उठून दिसतात, फिक्या रंगावर ॲल्युमिनियमच्या पातेल्यांच्या करड्या रेघा उमटतात, आणि हातातून निसटलेल्या बिडाच्या तव्याने कडेचा टवका उडू शकतो. आपल्या घरी भांडी घासायला मावशी येत असतील आणि त्यांना तारेची घासणी लागत असेल, तर स्टीलच घ्यावे, असे माझे मत आहे. त्यातही एक पथ्य पाळावे लागते. लोखंडी तारेच्या घासणीचे बारीक कण सिंकमध्ये ओले राहिले की तेच गंजतात, आणि नवे सिंक गंजले म्हणून आपण दुकानदाराशी भांडायला जातो.

बसवण्याच्या बाबतीत, जुन्या कडप्प्यावर काठ वरून टेकणारे सिंकच योग्य. दगडाच्या खालून चिकटवण्याच्या सिंकला भोकाची कड स्वच्छ आणि गुळगुळीत लागते, आणि कडप्पा कापताना त्याच्या पापुद्र्यासारख्या चिपा निघतात. काठाखाली भरायचे सिलिकॉन कोणते आहे, हे समक्ष पाहावे. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते, आणि कडप्पा हा चुनखडीचाच दगड असल्याने आम्लाने त्याचा रंग उडतो व तिथली पकडही कच्ची राहते. त्यामुळे नळीवर ‘न्यूट्रल’ असे छापलेले सिलिकॉन मागावे. ते भरल्यावर 24 तास सिंक वापरू नये. त्या दिवशी भांडी बाथरूममध्ये घासावी लागतील, याची तयारी घरच्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावी.

गळतीचे मूळ बहुतेक वेळा सिंकमध्ये नसून कपलिंगच्या वॉशरमध्ये असते, म्हणून नव्या सिंकला जुने कपलिंग आणि जुना पाइप लावू देऊ नये. प्लंबर सोयीसाठी घड्यांचा पांढरा लवचिक पाइप लावतात. त्याच्या घड्यांमध्ये चहाचा चोथा आणि भाताची शिते अडकतात, आणि तो ताणून सरळ बसवला तर पाणी धरणारा बाकही नाहीसा होऊन वास थेट स्वयंपाकघरात येतो. त्यापेक्षा आतून गुळगुळीत असलेला पी-ट्रॅप, म्हणजे इंग्रजी P सारखा वळलेला कडक पाइप, लावून घ्यावा. बाटलीसारखा ट्रॅप वॉशबेसिनला ठीक, सिंकला तो लवकर तुंबतो. पाइप जमिनीत जाळीखाली बसवलेल्या नाहणी ट्रॅपमध्ये सुटत असेल, तर वास अडवण्याचे काम तोच करतो, त्यामुळे वर आणखी एका ट्रॅपची गरज नसते. फक्त पाइपभोवतीची फट रबराच्या रिंगने बंद करावी, नाहीतर रात्री तिथून झुरळे वर येतात.

प्लंबरचे पैसे चुकते करण्याआधी सिंकचे तोंड बंद करून ते काठोकाठ भरावे आणि अर्धा तास तसेच ठेवावे. खाली प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा अंथरावा, मग सगळे पाणी एकदम सोडावे. हाताला न जाणवणारा थेंबही कागदावर गोल डाग पाडतो. आईच्या घरी तिसऱ्या जोडाखाली असा रुपयाएवढा डाग पडला होता. प्लंबरने वॉशर काढून पाहिला, तर तो उलटा बसवलेला निघाला.