एअर रायफल (हवेच्या दाबाने छर्रा उडवणारी बंदूक) ‘ट्यून’ करणारे कारागीर तिची ताकद वाढवतात का?

सहसा नाही, आणि हाच गैरसमज आधी दूर करायला हवा. या कलेचं माहेरघर इंग्लंड. तिथे १२ फूट-पाउंडांपेक्षा (छर्र्याच्या ऊर्जेचं माप) जास्त ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागतो. त्यामुळे कारागिराचं सगळं कसब खर्च होतं ते बंदूक शांत आणि गुळगुळीत करण्यात.

स्प्रिंगच्या रायफलमध्ये ट्रिगर दाबला की जड पिस्टन हवा दाबत पुढे झेपावतो, आणि छर्रा नळीतून सुटायच्या आत अख्खी बंदूक हलते. शिवाय स्प्रिंग आतल्या आत थरथरून ‘टंग्ग’ असा आवाज करते. कारागीर स्प्रिंगची टोकं घासून आरशासारखी करतो, तिला घट्ट बसेल असा प्लॅस्टिकचा गाइड (स्प्रिंगला सरळ धरणारा दांडा) लेथवर कातून घेतो, पिस्टनचं सील सिलिंडरच्या मापाला आणतो. ग्रीस मात्र अगदी बेताचं. जास्त झालं आणि पिस्टनच्या पुढे गेलं, तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटतं. हात बसलेला माणूस इथेच ओळखू येतो!

‘व्हेनम’ या इंग्लिश कार्यशाळेच्या इव्हान हॅनकॉक यांनी वाइराउख या जर्मन कंपनीच्या एचडब्ल्यू ७७ या स्प्रिंगच्या रायफलवर असंच काम करून नाव कमावलं. त्या रायफली आजही जपून वापरल्या जातात.