उन्हाळ्यात धावणाऱ्यांना इलेक्ट्रोलाइटची पेये खरोखरच लागतात का?

उन्हाळा लागला की पाण्यात मिसळायच्या इलेक्ट्रोलाइटच्या, म्हणजे सोडियमसारख्या क्षारांच्या, पुड्यांचा बोलबाला होतो, आणि रोज सकाळी पाऊण तास धावणाऱ्याला त्या आवश्यक आहेत का, असे आपण विचारले आहे. एवढ्या व्यायामाला साधे पाणी आणि नेहमीचे जेवण बहुधा पुरते. तासाभराहून अधिक काळ सलग घाम गळत असेल आणि टोपी वाळल्यावर तिच्या कडेला मिठाचे पांढरे डाग उमटत असतील, तर मात्र सोडियमचा विचार करावा. आपली गरज ओळखण्यासाठी धावण्यापूर्वी आणि धावून आल्यावर अंग पुसून वजन करावे. १ किलो घट म्हणजे साधारण १ लिटर घाम, आणि मध्ये पाणी प्यायले असल्यास तेही त्यात मिळवावे. उलट वजन वाढलेले दिसले, तर पाणी गरजेपेक्षा जास्त होत आहे. अति पाण्याने रक्तातील सोडियम घसरून जिवावर बेतू शकते, ही गोष्ट जाहिराती सहसा सांगत नाहीत. माझ्या मते पुडीपेक्षा सवय मोलाची: शरीर उष्णतेला सरावण्यास ७ ते १४ दिवस लागतात, तोवर वेग आणि अंतर दोन्ही कमी ठेवावे. उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास ही पेये डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.