डालोनेगाचा ‘डी’ : दोन अमेरिकन सुवर्णनाण्यांच्या मूल्याविषयी

सासऱ्यांकडून आलेल्या दोन नाण्यांपैकी १९०४ सालचे वीस डॉलरचे नाणे मोठे म्हणून अधिक मोलाचे असावे आणि १८५४ सालच्या पाच डॉलरच्या नाण्यावरील ‘डी’ हे अक्षर डेन्व्हरच्या टांकसाळीचे असावे, असा आपला कयास आहे. माझ्या मते आधी लक्ष द्यायला हवे ते लहान नाण्याकडे.

मोठ्या नाण्याचे गणित सोपे आहे. वजन ३३.४३६ ग्रॅम, त्यात नऊ भाग सोने आणि एक भाग तांबे. म्हणजे शुद्ध सोने ०.९६७५ ट्रॉय औंस (सोने मोजण्याचे एकक, सुमारे ३१.१ ग्रॅम). त्या दिवशीच्या भावाने याला गुणले की नाण्याचे धातुमूल्य कळते, आणि त्याच्या बरेच खाली कोणी बोली लावली तर तेथून उठून यावे. मात्र १९०४ साली एकट्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने अशी साठ लाखांहून अधिक नाणी पाडली, त्यामुळे अवस्था फारच उत्तम नसेल तर सोन्याच्या भावावर थोडेच मिळेल.

पाच डॉलरचे नाणे मात्र निराळे आहे. डेन्व्हरच्या टांकसाळीत नाणी पडू लागली ती १९०६ साली, त्यामुळे १८५४ च्या नाण्यावरील ‘डी’ तिचा असूच शकत नाही. तो जॉर्जिया राज्यातील डालोनेगा या डोंगराळ गावचा आहे. परिसरात सोने सापडल्यामुळे तेथे टांकसाळ निघाली. १८३८ ते १८६१ एवढ्याच काळात तिने नाणी पाडली, आणि तीही केवळ सोन्याची. तेथील ठसा पुष्कळदा मुळातच फिका उठे, त्यामुळे नाण्यावरील स्त्रीमुखाच्या केसांच्या बटा किंवा मागील बाजूच्या गरुडाची पिसे पुसट दिसली म्हणजे नाणे झिजलेच, असे समजू नये. बटा पुसट असूनही सपाट भागावर मूळ झळाळी शिल्लक असेल, तर दोष झिजेचा नसून ठशाचा असतो.

खरी शंका त्या अक्षराचीच घ्यावी. फिलाडेल्फियाच्या नाण्यांवर त्या काळी अक्षर नसे, आणि अशा साध्या नाण्यावर ‘डी’ चिकटवून ते दुर्मीळ म्हणून विकण्याचे उद्योग झालेले आहेत. गरुडाखाली दहापट भिंगातून पाहावे : अक्षराच्या कडेला बारीक फट, डिंकासारखा थर किंवा आसपास घासल्याच्या रेषा दिसल्या तर सावध व्हावे. येथे तराजू उपयोगी पडत नाही, कारण असे नाणे ८.३५९ ग्रॅमच भरेल. शिवाय पुऱ्या सोन्याची बनावट नाणीही गेल्या शतकात बाजारात आली आहेत.

रिठ्याच्या पाण्यात दागिने धुण्याची आपल्याकडची सवय येथे कृपया आवरावी. घासलेल्या नाण्याला प्रमाणीकरण संस्था (नाण्याचा खरेपणा व अवस्था तपासणाऱ्या) अवस्थेच्या १ ते ७० या मोजपट्टीवरचा अंकच देत नाहीत, आणि किंमत तेथेच घसरते. लहान नाणे पीसीजीएस किंवा एनजीसी या अशा संस्थांपैकी एकीकडे पाठवावे. १९०४ च्या नाण्यासाठी तो खर्च करण्याआधी एखाद्या जाणत्या विक्रेत्याला ते नुसते दाखवले तरी पुरे.